"कोणी सांगितलं होतं तिकडं मरायला जायला" असं विचारणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

नाव कोणाचंच घेत नाही, कारण एक-दोघं असता तर सरळ फोनच केला असता. पण तुम्ही खूप जण आहात, फॅमिली ग्रुपवर आहात, लग्नात शेजारच्या खुर्चीवर आहात, ऑफिसात चहाच्या टपरीवर आहात. मदतीच्या कामाला येमेन, सोमालिया, अफगाणिस्तान असल्या ठिकाणी गेलेलं कोणीतरी किडनॅप होतं, महिनोन्महिने कुठंतरी कोंडलेलं राहतं, नशिबानं सुटून घरी येतं, आणि तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, कोणी सांगितलं होतं तिकडं मरायला जायला. मागोमाग दुसरं, आपल्या टॅक्सचा पैसा असल्यांना सोडवण्यात जातो. तिसरं वाक्य त्या माणसाचा धर्म कुठला त्यावर ठरतं, ते इथं लिहीत नाही.

मी याच कामात आहे. मूळची मिरजेची, शिक्षण फार्मसीचं, काम औषधांच्या सप्लायचं, म्हणजे गोडाऊन, कोल्ड चेन (औषधं थंडच राहतील अशी पोचवणं), कस्टम्सची कागदपत्रं आणि ट्रक कुठं अडकलाय ते दिवसभर फोनवर विचारत बसणं. हिरोगिरी शून्य. मला कधी कोणी धरून नेलेलं नाही, त्यामुळं सुटून आलेल्यांच्या वतीनं मी बोलत नाहीये, तेवढा माझा अधिकार नाही. पण त्यांच्याबद्दल तुम्ही जे बोलता ते ऐकून ऐकून आता डोक्यावरून पाणी गेलंय, आणि मला वाटतं तुमचा प्रश्न अगदीच चुकीचा नाहीये, फक्त तुम्ही तो भलत्याच माणसाला विचारताय.

आपल्याच माणसापासून सुरू करते. फादर टॉम उळुन्नालिल, केरळचे, कोट्टायम जिल्ह्यातल्या रामपुरमचे. येमेनमधल्या एडनला मदर तेरेसांच्या सिस्टर्सचं एक घर होतं, म्हाताऱ्या आणि अपंग लोकांसाठी, ज्यांना कोणी नाही असल्यांसाठी. ४ मार्च २०१६ ला बंदूकवाले आत शिरले, चार नन्ससकट १६ जणांना मारलं आणि फादरना उचलून नेलं. ते सुटले १२ सप्टेंबर २०१७ ला, ओमानच्या मध्यस्थीनं. मधली दीड वर्षं! त्यात ते दोन-चार व्हिडिओत दिसले, दाढी वाढलेले, खंगलेले, आणि एका व्हिडिओत तर म्हणाले की मी युरोपियन पाद्री असतो तर लोकांनी जास्त मनावर घेतलं असतं, भारतीय आहे म्हणून माझी किंमत नाही. आता ते लिहून दिलेलं वाचून बोलत होते की मनापासून हे कोण सांगणार, डोक्याशी बंदूक असलेल्या माणसाच्या शब्दांचा कीस पाडायला जाऊ नये.

पण त्या दीड वर्षात आपण काय केलं? त्याच महिन्यात गुड फ्रायडेच्या आसपास फॉरवर्ड फिरलं की त्यांना क्रूसावर चढवून मारलं. खोटं होतं. काही ठिकाणी बातमी म्हणूनही छापून आलं ते. कल्पना करा त्यांच्या घरच्यांची, तिकडं केरळात, रोज कोणीतरी फोन करून विचारतंय की हे खरं का. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात, की माणूस पळवला गेला की बोंबाबोंब कमीत कमी करायची, घरच्यांनी पण तोंड बंद ठेवायचं, कारण नाव जितकं गाजेल तितकी पळवणाऱ्याला वाटणारी त्याची किंमत वाढते आणि सुटका लांबते. तुम्ही "शेअर करा, आवाज उठवा" म्हणून जे करता ते प्रेमानंच करता, मान्य, पण करण्याआधी घरच्यांनी तसं मागितलंय का एवढं तरी बघत जा.

बरं, तुमचा एक मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. एप्रिल २०१५ ला सरकारनं ऑपरेशन राहत करून येमेनमधून साडेचार हजारांवर भारतीयांना बाहेर काढलं होतं. म्हणजे निघायची सोय होती, सरकार निघा म्हणत होतं, आणि त्या सिस्टर्स तिथंच राहिल्या. का राहिल्या याचं उत्तर पलंगावर झोपलेलं होतं. चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना जहाजात कोण चढवणार होतं, आणि ते भारतीय नव्हतेच, त्यांना चढवून घेतलं कोणी असतं? हे लोक निघाले असते तर ते म्हातारे कोणाच्या भरवशावर, याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर मग खुशाल विचारा कशाला थांबले ते.

आता कोंडून ठेवणं म्हणजे काय याबद्दल थोडं. सिनेमात दोन मिनिटात सुटतो हिरो. व्हिन्सेंट कोशेतेल म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित विभागाचे, यूएनएचसीआरचे अधिकारी, त्यांना २९ जानेवारी १९९८ ला रशियातल्या उत्तर ओसेशियात, व्लादिकावकाझमध्ये त्यांच्या राहत्या बिल्डिंगमधून उचललं आणि पुढं चेचन्याच्या बाजूला नेलं. ३१७ दिवस. तळघरात, पलंगाला जखडलेले, दिवसाला साधारण पंधरा मिनिटं मेणबत्तीचा उजेड, बाकी सगळा अंधार. आता विजेचं बिल थकलं म्हणून एक रात्र लाईट गेली तर आपण सोसायटीच्या ग्रुपवर काय दंगा करतो ते मला माहितीये. त्या माणसाबद्दल मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की सुटल्यावर तो परत त्याच कामावर गेला, आणि पुढं वर्षानुवर्षं समुद्रात बुडणाऱ्या निर्वासितांसाठी सरकारांशी भांडत राहिला. पण सगळ्यांना हे जमत नाही आणि जमायलाच पाहिजे असंही नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही उद्या दुसऱ्याला म्हणाल बघ तो कसा खंबीर.

आम्हाला जाण्याआधी ट्रेनिंग असतं, त्यात खोटं खोटं किडनॅपिंग पण करतात. गाडी अडवतात, डोक्यावर पिशवी घालतात, गुडघ्यावर बसवतात, ओरडतात. खोटं आहे हे माहिती असून घाम फुटतो, माझ्या शेजारचा सहा फुटी गडी रडला होता. त्याच्यानंतर एक फॉर्म भरून घेतात, प्रूफ ऑफ लाइफचा. उद्या कोणी फोन करून म्हणालं की तुमचं माणूस आमच्याकडं आहे, तर ते खरंच जिवंत आहे का हे तपासायला असे प्रश्न लिहून ठेवायचे ज्यांचं उत्तर फेसबुकवर सापडणार नाही. मी लिहिलं की आजीच्या म्हशीचं नाव काय. नाव इथं सांगत नाही, सांगितलं तर फॉर्म बदलावा लागेल. आईला हे हसत हसत सांगितलं, ती हसली नाही, म्हणाली असला फॉर्म भरून घेणारी नोकरी असते का गं कुठं. तिचा प्रश्न तुमच्यासारखाच आहे, पण तिनं विचारला तर चालतो.

सुटून आल्यावर काय होतं ते सांगते, कारण तुम्ही नेमके तिथंच भेटता.

एप्रिल २००४, इराक, फल्लुजाजवळ तीन जपानी माणसं पळवली गेली. त्यातली एक नाहोको ताकातो, वय ३४, बगदादच्या रस्त्यावरच्या पोरांसाठी काम करायची. जपाननं आपलं सैन्य मागं घ्यावं म्हणून त्यांना जाळून मारू अशी धमकी होती, साधारण आठवड्यानं इराकी धर्मगुरूंच्या मध्यस्थीनं सुटले. आणि घरी परतले तर एअरपोर्टवर लोक पाट्या घेऊन उभे, की जे झालं ते तुमच्याच कर्मानं. सरकारनं विमानाच्या तिकिटाचे पैसे मागितले. मंत्र्यांनी सुनावलं. शिव्यांची पत्रं आली घरी. त्यांना तपासणाऱ्या मानसोपचार तज्ज्ञानं सांगितलं की कैदेत जेवढा ताण होता त्याच्यापेक्षा घरी आल्यावरचा जास्त आहे. हे मी दोनदा वाचलं होतं, पहिल्यांदा वाटलं मीच चुकीचं वाचलं. गंमत म्हणजे त्यांच्या बाजूनं बोलला कोण, तर कॉलिन पॉवेल, अमेरिकेचा परराष्ट्र मंत्री, ज्याच्या सरकारनं ते युद्ध केलं होतं. तो म्हणाला असल्या माणसांचा जपाननं अभिमान बाळगायला पाहिजे. घरच्यांनी दगड मारायचे आणि बाहेरच्यानं समजूत काढायची.

इटलीची सिल्विया रोमानो, केनियाच्या किनाऱ्याकडच्या चाकामा गावात लहान पोरांसोबत काम करायची. नोव्हेंबर २०१८ ला उचलली तेव्हा २३ वर्षांची होती, मे २०२० मध्ये सोमालियातून सुटली. रोमला विमानातून उतरली ती हिरव्या जिलबाबमध्ये, म्हणजे डोक्यापासून अंग झाकणाऱ्या लांब झग्यात, मुस्लिम झाली होती. बस्स. दीड वर्ष पोरगी जिवंत आहे का मेली माहिती नव्हतं ते सगळं विसरले, एका खासदारानं संसदेत तिला दहशतवादी म्हणायला कमी केलं नाही, घराच्या खिडकीजवळ बाटली फेकली कोणीतरी, धमक्या इतक्या की मिलानच्या सरकारी वकिलांना चौकशी सुरू करावी लागली. तिनं धर्म का बदलला, मनानं बदलला की भीतीनं, हे मला माहिती नाही आणि मला त्याच्याशी काय करायचंय? आपल्याकडं असं झालं असतं तर काय काय लिहून आलं असतं याची यादी मी डोळे मिटून करू शकते, तुम्ही पण करू शकता.

पण तिच्या केसमध्ये एक प्रश्न विचारायलाच पाहिजे होता, आणि तो तिला नाही. तेवीस वर्षांच्या पोरीला आडगावात जवळपास एकटीनं राहू देताना पाठवणाऱ्यांनी काय विचार केला होता? मला असल्या हौशी संस्थांचा राग आहे, स्पष्ट सांगते. मन मोठं असणं आणि सिक्युरिटी प्लॅन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी नसेल तर पहिली घरी ठेवा.

आणि मोठ्या संस्था फार शहाण्या आहेत असं पण समजू नका. ही गोष्ट नीट वाचा, कारण माझं सगळं म्हणणं हिच्यात आहे. केनियातलं दादाब, सोमालियाच्या बॉर्डरजवळ, तेव्हा जगातला सगळ्यात मोठा निर्वासित कॅम्प, चार लाखांहून जास्त माणसं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेच्या दोन स्पॅनिश बायका पळवल्या गेल्या, त्या सुटल्या थेट जुलै २०१३ ला. म्हणजे धोका काय आहे हे कॅम्पमधल्या पोराबाळांना पण माहिती होतं. तरी २९ जून २०१२ ला नॉर्वेजियन रेफ्युजी काउन्सिल या मदत संस्थेच्या सर्वात वरच्या बॉस भेटीला आल्या म्हणून गाड्यांचा ताफा निघाला आणि तो हत्यारबंद पोलीस एस्कॉर्ट न घेता निघाला. हल्ला झाला, केनियाचा एक ड्रायव्हर जागीच गेला, काही जखमी झाले, चौघांना धरून सोमालियाच्या दिशेनं नेलं. त्यातला एक स्टीव्ह डेनिस, कॅनडाचा, मांडीत गोळी लागलेली, तसाच चालवत नेला. चौथ्या दिवशी केनियाच्या सैन्यानं आणि तिथल्या स्थानिक सोमाली फौजेनं सोडवलं सगळ्यांना.

इथपर्यंत तुमची स्टोरी संपते, सुटले, चला. डेनिसची इथून सुरू झाली. पायाचं दुखणं, पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस, काम करता येईना. शेवटी तो आपल्याच संस्थेविरुद्ध ऑस्लोच्या कोर्टात गेला. संस्थेचं म्हणणं होतं की हो, आमचा हलगर्जीपणा झाला, पण घोर हलगर्जीपणा नाही. २५ नोव्हेंबर २०१५ ला निकाल लागला, कोर्टानं सांगितलं की घोरच आहे, किडनॅपिंग होऊ शकतं हे दिसत होतं, एस्कॉर्ट घेतला असता तर टळायची शक्यता होती, आणि साधारण ४४ लाख नॉर्वेजियन क्रोनर भरपाई द्यायला लावली. त्या निकालानंतर आमच्या सगळ्या क्षेत्रात हलकल्लोळ झाला. तोपर्यंत साधारण समज असा होता की तू स्वतःहून आलास, सही केलीस, धोका तुझा. कोर्टानं सांगितलं की नोकरी म्हणजे नोकरी, पुण्यातली कंपनी असो नाहीतर दादाबचा कॅम्प, माणसाला पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे.

म्हणजे बघा, तुमचा "कोणी सांगितलं होतं जायला" हा प्रश्न ऑस्लोच्या कोर्टानं पण विचारलाच की! फक्त सांगणारा कोण होता ते शोधून त्याला विचारला.

टॅक्सच्या पैशाचं पण बोलून घेऊ. आर्यन एर्केल, डच माणूस, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सचा रशियातल्या दागेस्तानमधला प्रमुख. ऑगस्ट २००२ ला पळवला, एप्रिल २००४ ला सुटला, वीस महिने. सुटकेसाठी दहा लाख युरो गेले ते डच सरकारनं दिले, आणि मग सरकार म्हणालं की हे उसने होते, संस्थेनं परत करावे, संस्था म्हणाली आम्ही असं काही कबूल केलं नव्हतं, आणि दोघं वर्षानुवर्षं कोर्टात. आता त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा, पेपर उघडला की आपण किती युरोचे यावर दोन वकील भांडतायत. माझं मत विचाराल तर खंडणीचा विषय सोपा नाही, पैसे दिले की पुढच्याला पळवायला बळ मिळतं हे पण खरं आणि नाही दिले तर समोरचा मरतो हे पण खरं, ज्याला हे सोपं वाटतं त्यानं त्या घरच्यांसमोर बसून सांगावं. पण काहीही झालं तरी तो हिशोब सुटून आलेल्याच्या तोंडावर फेकायचा नसतो.

आणि "तिकडं गेले" हे तुमचं वाक्य मुळातच बहुतेकांना लागू होत नाही. २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, १२५ किडनॅप झाले, आकडा संयुक्त राष्ट्रांचा, आणि यातले बहुतेक सगळे त्याच देशातले लोक, ज्यांना आमच्या भाषेत नॅशनल स्टाफ म्हणतात. ड्रायव्हर, नर्स, गोडाऊन कीपर, दुभाषी, लसी देणारी बाई. ते कुठंही गेले नव्हते हो, ते आपल्या घरीच होते! मे २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेनं मदत कर्मचाऱ्यांना संरक्षण द्या म्हणून ठराव २७३० पास केला, आणि पुढच्याच महिन्यात येमेनमध्ये हुथी बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांच्या आणि संस्थांच्या कितीतरी लोकांना उचलून आत टाकलं, जवळपास सगळे येमेनी. फेब्रुवारी २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच वर्ल्ड फूड प्रोग्रॅमचा, त्याच जानेवारीत धरलेला, एक कर्मचारी हुथींच्या कोठडीतच मेला. किती जणांनी वाचलं हे? फोटो नाही, गोरा चेहरा नाही, एअरपोर्टवरची मिठी नाही, त्यामुळं बातमी पण नाही.

परदेशी माणूस सुटला की त्याला विमानानं काढतात, हॉस्पिटल, काउन्सेलर, दोन आठवडे हॉटेल, आणि मग घर, जिथं पळवणारे पोचू शकत नाहीत. ड्रायव्हर सुटला की तो त्याच गावात परत जातो. ज्यांनी पळवलं ते बाजारात समोर दिसतात. त्याच्या पोरांना शाळेत सोडायला जाताना त्याच रस्त्यानं जायचं. काही ठिकाणी तर लोक त्याच्याकडंच संशयानं बघतात, की बाकीचे मेले आणि हा कसा सुटला, काय दिलं यानं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट प्रोजेक्टपुरतं असतं, फंडिंग संपलं की कॉन्ट्रॅक्ट संपलं, कॉन्ट्रॅक्ट संपलं की विमा आणि काउन्सेलिंग पण संपलं, रात्री दचकून उठणं मात्र चालू. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथं माझ्या गाडीत पुढच्या सीटवर असाच कोणीतरी बसलेला असायचा, आणि चेकपोस्टवर काच खाली करून बोलायचा तो, मी नाही. पहिली गोळी कोणाला लागणार हे सांगायला ट्रेनिंग लागत नाही.

किल्लारीचा भूकंप झाला १९९३ ला तेव्हा बाहेरून किती माणसं आली होती ते लातूरकडच्यांना विचारा. डॉक्टर आले, तंबू आले, परदेशातून आले. तेव्हा कोणी म्हणालं का त्यांना, कशाला आलात इकडं मरायला? तिथं बंदूकवाले नव्हते म्हणून गोष्ट वेगळी म्हणाल, आहेच वेगळी, पण औषधाची वाट बघणाऱ्याला कुठंही वाट बघणं सारखंच असतं.

त्यामुळं आता पुढच्या वेळी अशी बातमी आली आणि हात शिवशिवले तर हे विचारा. त्या संस्थेला विचारा की त्या रस्त्यावर ती गाडी जायलाच पाहिजे होती का, कोणी ठरवलं, आधीच्या महिन्यात तिथं काय झालं होतं ते ठरवणाऱ्याला माहिती होतं का. ड्रायव्हरचा विमा किती होता आणि परदेशी माणसाचा किती. सुटलेल्याला काउन्सेलिंग किती महिने, आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर पण का नाही. देणगी देता ना तुम्ही, दिवाळीला, वाढदिवसाला, क्यूआर कोड स्कॅन करून? मग तुमचा हक्कच आहे विचारायचा. संस्थांना आम्ही कर्मचाऱ्यांनी विचारलेलं झोंबत नाही, देणगीदारानं विचारलं की मीटिंग लागते, हे मी आतलं सांगतेय. "शंभरातले पंच्याण्णव रुपये थेट गरजूला जातात" ही जाहिरात बघून तुम्ही खूश होता ना, ती बघून मला भीती वाटते, कारण ड्रायव्हरचा विमा, रेडिओ सेट, ट्रेनिंग हे सगळं त्या उरलेल्या पाचात बसवायचं असतं.

आणि सुटून आलेलं माणूस जर तुमच्या ओळखीतलंच निघालं, एखाद्या लग्नात शेजारी बसलंच, तर त्याला मसालेभात वाढा, पोरंबाळं कशी आहेत विचारा, त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल, नसेल तर क्रिकेट आहेच की.

माझं पुढचं कॉन्ट्रॅक्ट मेलवर येऊन पडलंय. देश कुठला ते आईला सांगितलंय, तुम्हाला नाही. सही अजून केलेली नाही, कारण त्यात नॅशनल स्टाफच्या विम्याचा कागद जोडलेला नव्हता, तो मागवलाय. सोमवारी पाठवतो म्हणालेत.

तुमचीच,
मिरजेची एक फार्मसीवाली